साईंच्या परमिट रूममधल्या दुपारी

मी उल्हासनगर सोडलं त्या दिवशी कॅम्प तीनमधली साईंची परमिट रूम पाडली. रस्ता रुंद व्हायचा होता. कल्याण स्टेशनला निघालेली आमची रिक्षा तिथंच अडकली. माझ्या मांडीवर बॅग होती, म्हणून वडील, म्हणजे आमचे भाऊ, एकटेच उतरून बघून आले. "पंखे काढून घेतलेत," एवढंच म्हणाले.

तुम्ही जे तिथं राहिलात, आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या तुम्हा सगळ्यांना तो बार आठवत असेल. चाळीतल्या आमच्या एका खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. नोकरीची परीक्षा हुकली असती तर मामांच्या जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायचं ठरलेलं होतं. बारच्या सिंधी मालकांनी, साईंनी, मला दुपारचं कोपऱ्यातलं टेबल दिलं. वर फुकट सोडा.

भाऊ चाळीत दारूबंदीचं काम करायचे. मी बारमध्ये बसतो, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. आयुष्यात पहिल्यांदा ते बारची पायरी चढले, तेव्हा मी वाचत होतो आणि शेजारच्या टेबलावर आमच्याच चाळीतले शंकरकाका बसले होते. काकांनी नुकतीच विहारात, भाऊंच्याच समोर, दारू सोडल्याची शपथ घेतली होती.

"जयभीम, भाऊ," काका उठून म्हणाले. "तुमच्या पोरावर लक्ष ठेवायलाच बसलोय."

"मग ग्लासावर कोण लक्ष ठेवतंय?"

गल्ल्यावरचे साईसुद्धा हसले. भाऊंनी माझं पुस्तक चाळलं, वर पंख्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. मग परीक्षा होईपर्यंत सुट्टीच्या दुपारी ते पेपर घेऊन येत राहिले. ते असले की काकांना सोडाच प्यावा लागे, आणि बाकीची गिऱ्हाइकं देवळात बसल्यासारखी हळू बोलत. मी पास झालो तेव्हा काकांनी नम्रपणे विचारलं, "आता मी मोकळा ना, भाऊ?" भाऊंनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

भोपाळला आता माझा फ्लॅट आहे, पुस्तकांना वेगळी खोली आहे. तिथली शांतता मला मानवत नाही. वाचायला मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसतो. भाऊ गेले. साई कुठं गेले, कुणाला सांगता येत नाही. चाळीतली खोलीही आता दुसऱ्यांची आहे. कॅम्प तीनमध्ये गेलो की म्हातारे शंकरकाका भर रस्त्यात हटकतात, "काय रे, वाचतोस की नाही?"

बार होता तिथं रस्ता आहे. असं विचारणारं एक माणूस तिथं आहे.