हेमाताईंच्या वजनाइतका गूळ

डोंबिवलीच्या एमआयडीसीत गुरुदत्त टिपणिसांनी हयातभर एकच काम केलं: नकाशा पाहून, अजून न बनलेल्या टाकीचं वजन सांगणं. आकार काढायचा, घनफळ काढायचं, पोलादाच्या घनतेने गुणायचं. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. लग्नाला गेले की वधूवरांकडे बघायच्या आधी ते मांडवाच्या खांबांकडे बघत आणि शेजाऱ्याला आकडा सांगत. शेजारी खुर्ची बदले.

देवाशी त्यांचे संबंध साडूशी असतात तसे. भांडण नाही, पण येणंजाणंही नाही. असा माणूस गेल्या वर्षी, बायको अतिदक्षता विभागात असताना, बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नवस बोलला. हेमा घरी आली, तर तिच्या वजनाइतका गूळ खडवलीच्या नदीकाठच्या देवळात वाहीन.

हेमाताई घरी आल्या. आता नवस फेडायचा, तर वजन हवं. आणि हेमाताई कॉलेजात असल्यापासून काट्यावर उभ्या राहिलेल्या नव्हत्या. हॉस्पिटलातसुद्धा त्यांनी नर्सला बजावलेलं, "लिहायचं ते लिही, मोठ्याने वाचू नकोस."

टिपणिसांनी मग माहीत असलेला मार्ग धरला. दुपारी हेमाताई भाजीला गेल्या, तेव्हा कपाट उघडून पोलकी आणि परकर पलंगावर पसरले आणि टेप लावली. धड म्हणजे एक नळकांडं, हातपाय म्हणजे चार, डोकं म्हणजे गोल. घनतेचा प्रश्न सोपा होता. लग्नानंतर तारकर्लीला हेमाताई समुद्रात नाकापर्यंत तरंगल्या होत्या, म्हणजे पाण्याइतकीच. उत्तर आलं एकाहत्तर किलो.

कोपऱ्यावरच्या वाण्याने, विश्रामने, गुळाच्या ढेपा पाठवल्या, त्या नेमक्या टिपणीस दूध आणायला गेलेले असताना. परत येतात तो हेमाताई ढेपांच्या ढिगासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अहो, संक्रांत होऊन गेली. हे काय?"

"नवसाचा आहे."

"कोणाच्या?"

"माझ्या."

हेमाताई खुर्चीत बसल्या. "तुमच्या? तुम्ही आणि नवस! किती बोललात?"

"तुझ्या वजनाइतका."

"माझं वजन तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काढलं. पोलक्यांवरून. एकाहत्तर."

"एकाहत्तर? मी?"

पुढचं वाक्य बोलायला त्या घरात थांबल्या नाहीत. चपला घालून थेट विश्रामच्या दुकानात गेल्या आणि पोती तोलायच्या काट्यावर चढल्या. विश्राम शहाणा. तो चिंचेच्या डब्यात काहीतरी शोधू लागला.

"विश्राम, वाच. मोठ्याने."

"अठ्ठावन्न, काकू."

"ऐकलंत?" मागून धापा टाकत आलेल्या नवऱ्याकडे त्या वळल्या. "तेरा किलोंची चूक! कंपनीने तुम्हाला ठेवलं कसं?"

"चूक नाही," टिपणीस म्हणाले. "पोलकी आजारपणाच्या आधीची आहेत. तू हल्ली त्यांना आतून पिना लावतेस, ते दिसतं मला."

"मग?"

"तू आत होतीस ना, तेव्हा मी देवाकडे जी परत मागितली, ती एकाहत्तरची. माप तिचंच घ्यायला हवं."

हेमाताई काट्यावरून उतरल्या नाहीत. पोलक्याची बाही त्यांनी उगाच सारखी केली. विश्रामला चिंच सापडत नव्हती.

"कंपनीत काम अर्धवट असताना पुरं बिल देत होतात?" त्यांनी विचारलं.

"छे. काम होईल तेवढ्याचंच. बाकीचे पैसे अडकवून ठेवायचे."

"मग देवाचे कसले एवढे लाड? त्याने अठ्ठावन्न परत दिली, अठ्ठावन्न किलो न्या."

"आणि उरलेला?"

"तो माझ्या अंगी लागू दे आधी." त्यांनी उतरायला हात पुढे केला. "लागला, की तेवढा पुन्हा विकत घेऊन जाऊ दोघं. आणि खबरदार, मधे टेप लावलीत तर."

टिपणिसांनी हात धरला. तो किती किलोंचा असावा, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात, सवयीप्रमाणे, सुरू झाला नाही.