नियम नऊ: पालकांची मदत

श्री. अनंत केशव चांदेकर, वय वर्षे पन्नास, पद निदेशक (तांत्रिक), मुक्काम तुंगार्ली, तालुका मावळ, जिल्हा पुणे. वास्तव्य: शनिवार-रविवारीच जाग येणाऱ्या एका बंगल्याच्या मागील दोन खोल्यांत, भाड्याने. विषय: अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, इयत्ता आठवी ते दहावी. ताब्यातील सरकारी मालमत्ता: व्हाइस तीन, कानशी अकरा, गुण्ये दोन. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग, जो चोवीस वर्षांच्या सेवेत कोणत्याही साबणास वश झालेला नाही. वर्तन: नियमास धरून. सदर नियम सदर इसमानेच केलेले आहेत.

ही शेवटची ओळ चांदेकर सरांना अलीकडे फार जड जात असे.

पूर्वी ते गुण अंगठ्याने देत. पोराने घासलेला लोखंडी जॉब हातात घ्यायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा, 'सोळा' म्हणायचं. वाद नाही, कागद नाही. चार वर्षांपूर्वी एका पालकाने लेखी तक्रार केली की निदेशकांचा अंगठा पक्षपाती आहे. मुख्याध्यापिका चंद्रिका मॅडम म्हणाल्या, "सर, काय ते एकदा कागदावर आणा." मग सरांनी दिवाळीची सुट्टी घालवून बारा नियम लिहिले. उशिराला रोज एक गुण कमी. बूट नसतील तर कार्यशाळेत प्रवेश नाही. कडेला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून दिसणाऱ्या उजेडाप्रमाणे गुण जाणार. जूनच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी आणि पालक दोघांची सही. एक प्रत लॅमिनेट करून दारावर लावली, तेव्हा ते दोन मिनिटं तिच्यासमोर उभे राहिले होते. आता आठवलं की त्यांना स्वतःचीच कीव यायची.

सातवा नियम त्यांनी दयेपोटी घातला होता. जॉब पकडायचे व्हाइस तीन, नववीत विद्यार्थी एकवीस, तास पस्तीस मिनिटांचा. लांबून चालत येणाऱ्यांचा जॉब पुरा होणार कसा? म्हणून: अपूर्ण जॉब घरी नेऊन पूर्ण करण्यास हरकत नाही. दयेवर वचक हवा म्हणून नववा: पालकांनी मदत केली काय, हे त्यांनी जॉबसोबतच्या फॉर्मवर सहीनिशी खरे लिहून द्यावे, केली असल्यास पाच गुण वजा.

घरी जॉब नेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी कानस नव्हती. पण त्यांचे वडील, काका, मामा तळेगावला नाहीतर चाकणला कारखान्यात होते. फेब्रुवारीत जॉब जमा झाले तेव्हा पन्नास मिलिमीटरचे ते चौरस टेबलावर आरशासारखे चमकत होते. सर गुण्या लावून खिडकीकडे धरायचे, आणि उजेडाचा केससुद्धा आत शिरत नसे.

वरदचा जॉब तर स्टेनलेस स्टीलचा होता. शाळेने दिलेली पट्टी साध्या लोखंडाची होती. वाटेत कुठेतरी तिची बढती झाली होती. कोपऱ्यात कारखान्याच्या तपासणीचं हिरवं गोल स्टिकर होतं, त्यावर 'QC OK'.

"वरद, हे काय रे?"

"सर, ते स्टिकर निघत नाहीये. मी खूप प्रयत्न केला."

"आणि बाकीचं?"

वरद स्टिकर नखाने खरवडू लागला. त्याच्या फॉर्मवर मदतीच्या रकान्यात वडिलांनी वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. पुरावा काय? स्टिकर म्हणजे पुरावा नव्हे, बाराही नियमांत स्टिकरचा उल्लेख नाही. सरांनी वीसपैकी वीस लिहिले. लिहिताना पेन अडलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

सविता कडूचा जॉब सगळ्यांत शेवटी हातात आला. काळपट, एका कडेला किंचित पोट आलेलं, पण तिरप्या रेघांची घासणी अशी की सरांचा अंगठा आपोआप तिकडे गेला. हाताने घासलेलं लोखंड त्याला ओळखू येतं. गुण्याने पंधरा दिले. सरांनी फॉर्म उलटला. 'पालकांनी मदत केली काय?' याच्यापुढे तिच्या वडिलांनी, नथू कडूंनी, लिहिलं होतं: 'व्हय. पाय दिला.'

एकवीस फॉर्मांत एकच होकार. पंधरातून पाच गेले, राहिले दहा. यादीत ती शेवटची; तिच्या वरचा समर्थ, त्याला तेरा. दहावीच्या तांत्रिक तुकडीला मंजुरी वीस विद्यार्थ्यांची; एकविसावा साध्या वर्गात जातो, विषय सुटतो. सविता आठवीपासून डिप्लोमाचं बोलत होती, आणि तिच्या हिशेबात ती वाट या तुकडीतून जात होती. दुसरी वाट तिच्या गावी, कुरवंड्यात, कुणाला माहीत नव्हती.

सरांनी नथूभाऊंना बोलावून घेतलं. ते शनिवारी आले, सविता मागे तोंड पाडून.

"नथूभाऊ, हे पाय म्हणजे काय?"

"आता आमच्या घरी हे तुमचं पकडायचं येंतर कुटं हाय? उंबऱ्यावर ठिवला, वरनं म्या टाच दाबून धरली. पोरीनं घासला. चार दीस. ही बगा टाच."

"टाच राहू द्या. म्हणजे घासलं तिनंच ना?"

"तर! म्या हात न्हाई लावला. लावला असता तर हात लिवला असता."

"मी म्हटलं होतं, नाही लिहा म्हणून," सविता फणकारली. "सगळ्यांनी तेच लिहिलंय."

"सगळ्यांच्या बापांनी पाय दिला नसंल."

सरांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. आपण काय करतो आहोत हे त्यांना नीट कळत होतं. "नथूभाऊ, पाय म्हणजे काही मदत नाही. नवा फॉर्म भरा. नाही लिहा."

नथूभाऊंनी कागद उचलला, पाहिला, परत ठेवला. "न्हाई कसं लिवू, सर? उंबऱ्यावर आमचं म्हातारं बसलं व्हतं, त्यानं बगितलंय की." मग जरा थांबून, समजुतीच्या सुरात: "आन तुमीच छापलंय नव्हं, खरं लिवा म्हून? मंग आता का नगं?"

सरांनी कोरा फॉर्म परत खणात ठेवला. बाप-लेक गेल्यावर ते बराच वेळ दारावरचा लॅमिनेट केलेला कागद वाचत बसले. बारावा नियम त्यांनी कधी वापरला नव्हता: शंका आल्यास निदेशक प्रत्यक्ष चाचणी घेऊ शकेल, चाचणीचे गुण अंतिम राहतील. बारा हा आकडा भरायला म्हणून तो लिहिला होता.

"एकाच मुलीसाठी?" चंद्रिका मॅडमनी विचारलं.

"नाही. एकवीसच्या एकवीस. शंका सगळ्यांचीच आहे."

"पालकांचे फोन मला येणार, सर."

"येतील."

"आणि तीन व्हाइसवर एकवीस मुलं? किती दिवस?"

"सात. शाळा सुटल्यावर, रोज तीन."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "नियम तुमचेच आहेत. घ्या."

फोन आलेच. मुलाला सर्दी आहे. क्लास बुडतो. एका काकांनी विचारलं की हाताने घासायचं शिकवून आजच्या काळात उपयोग काय, कंपनीत सगळं मशीनवर होतं. सर म्हणाले, "हो, ते मी पाहिलंय."

सात दिवस सर स्टुलावर बसून बघत राहिले. काही मुलं कानस करवतीसारखी पुढे-मागे ओढत होती. एकाने तिची मूठ काढून टोक धरलं. प्रेरणाने चाळीस मिनिटांत कडेला सुरेख वळण दिलं. सरळ कड मागितली होती. वरदने दहा मिनिटं घासलं, कानस खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "सर, खरं सांगू? मला चित्रकला पाहिजे होती. पप्पा म्हणाले, तांत्रिक घे."

"आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं नाही ना. फॉर्मवर तसा रकानाच नाहीये."

सविता शेवटच्या दिवशी होती. व्हाइस तिच्या छातीला लागत होता. वर्गात तीन व्हाइसना नेहमी मुलांचा गराडा, तिची पाळी यायची तास संपता संपता. उभ्याने घासायची तिला सवय नव्हती. पहिल्या दहा मिनिटांत तिने एक कोपरा गोल करून टाकला. तिच्यासाठी म्हणून मांडलेला खेळ तिच्यावरच उलटणार होता, तोही नियमाप्रमाणे.

"सर, खाली बसून चालंल का?"

"जॉब व्हाइसमध्येच हवा. बाकी काही लिहिलेलं नाही."

ती इकडे तिकडे बघत राहिली. मग भंगाराच्या कोपऱ्यातून लाकडी खोकं ओढत आणलं आणि त्यावर चढली. आता खांदे कानशीच्या वर आले. तिने एकदा नाक पुसलं आणि लागली घासायला, तिरपं, एका लयीत, घरी उंबऱ्यावर घासायची तसं. सर तिच्या हातांकडे बघत बसले. चाळीस मिनिटं झाल्यावर त्यांनी 'थांब' म्हटलं, तेव्हा त्यांचीच मान अवघडली होती. गुण्या लावला. तीन कडा ठीक, चौथीत उजेड, गोल झालेला कोपरा तसाच. अकरा.

अकरा म्हणजे वर्गात चौथी. समर्थ नऊ. वरद दोन, तोच एकविसावा. त्याच्या वडिलांनी मुख्याध्यापिकांच्या खोलीत आवाज चढवला. वरद बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसला होता, आणि तो नाराज होता असं कोणीही म्हणालं नसतं.

मॅडमनी गुणपत्रक पाहून सरांना थांबवून घेतलं. "मागची सरासरी साडेसतरा होती. ही सहा पूर्णांक चार. वर विचारतील, वर्षभर शिकवलं काय?"

"खरा प्रश्न आहे," सर म्हणाले.

"जुनेच गुण पाठवता येतील अजून. तुमच्या अहवालाचं बघा."

सरांनी नव्या गुणपत्रकावर सही केली. फार धैर्य वगैरे लागलं नाही. थकलेल्या माणसाला दुसरा कागद शोधायचा कंटाळा येतो, तितकंच.

चालू वर्षाच्या गोपनीय अहवालात श्री. चांदेकर यांच्या 'अध्यापनाची परिणामकारकता' या रकान्यात 'असमाधानकारक' असा शेरा नोंदविण्यात आला असून, वर्गाच्या सरासरीत झालेल्या घसरणीबाबत त्यांच्याकडून सात दिवसांत लेखी खुलासा मागविण्यात आला आहे. सविता नथू कडू दहावीच्या तांत्रिक तुकडीत आहे.