वझऱ्याची वाट

आमच्या घराला पक्क्या भिंतींच्या चार खोल्या होत्या आणि आम्ही चौघं, आई, अण्णा, ताई आणि मी, झोपायचो मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. भूकंप होऊन तीन-चार वर्षं झाली होती. लातुरातलं आमचं घर पडलं नव्हतं, एका भिंतीला बोटभर भेग गेली होती एवढंच. पण आईचं माहेर औशाकडचं. त्या पहाटे तिची सख्खी मावशी दगडी घराखाली गेली. तेव्हापासून आई चार भिंतींत झोपली नाही. रस्त्यावरून ट्रक गेला, जमीन जराशी थरथरली, की ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

"हाललं का गं?"

"न्हाई आई, ट्रक हाय."

दिवसातून चार-पाच वेळा तरी हे व्हायचं. मी पाचवीत होते. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं विचारतात.

मोकळ्या राहिलेल्या खोल्या आम्ही क्लासच्या मुलींना भाड्यानं दिल्या होत्या. उदगीर, देवणी, निलंगा, पार देगलूरहून मुली बारावीसाठी यायच्या. आमची अख्खी गल्लीच पहाटे चारला उठायची. गजर एका घरात वाजायचा आणि दिवे सगळ्या घरांत लागायचे. माझी ताईही त्याच वर्षी बारावीत होती. ती जेवताना पुस्तक वाचायची, केस विंचरताना सूत्रं म्हणायची. मी काही विचारलं तर "नंतर" म्हणायची, आणि ते नंतर कधी यायचंच नाही.

पत्र्याची ती खोली आम्हाला बांधून दिली होती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चाचांनी. चाचा पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करायचे. भूकंपानंतर जो तो पत्र्याचं छप्पर मागायला लागला, तेव्हापासून त्यांच्या हातोडीला उसंत नव्हती. पण दरवर्षी पावसाळा सरला की ते दुकानाला कुलूप लावून माहूरच्या डोंगरात जायचे. तिथं वझरा म्हणून गाव आहे, दर्गा आहे आणि त्याला लागून धबधबा. माहूरपासून तिथं ते पायी जायचे.

त्या दिवाळीत क्लासला चार दिवस सुट्टी मिळाली. पाडव्याला चाचा फराळाला आले. चिवडा खाता खाता त्यांनी त्या पाण्याचं असं वर्णन केलं, की अण्णांचा हात करंजीवरच थांबला. अण्णा विजेच्या ऑफिसात लाईनमन होते. आयुष्यभर खांबांवर चढलेले, डोंगरावर एकदाही नाही.

"आपण सगळेच जाऊ या की," अण्णा म्हणाले.

"मला जमत न्हाई. परवा फिजिक्सचा पेपर सोडवून द्यायचाय," ताई म्हणाली.

"डोंगरात फिजिक्स चालत न्हाई का?"

मी तर उड्याच मारायला लागले. सगळे आईकडं बघायला लागलो. तिनं एकच विचारलं, "तिथं वर छप्पर हाय का?"

"भाभी, तिथं नुसतं आभाळ हाय," चाचा म्हणाले.

"मग येते."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही नांदेड गाठलं आणि तिथून दुसऱ्या गाडीनं माहूर. मुक्काम धर्मशाळेत. अर्थात ओट्यावर, कारण आई आत आली नाही. मला आनंदानं झोप लागेना. उजाडायच्या आत मी माझे कापडी बूट घालून, नाड्या बांधून, ओट्याच्या पायरीवर तयार बसले होते.

निघालो तेव्हा गवतावर दव होतं. चाचा पुढं, त्यांच्या खांद्यावर धपाट्यांचं गाठोडं. मागं मी, मग आई, मग पुस्तकांची पिशवी घेतलेली ताई आणि शेवटी अण्णा. पहिला चढ लागला आणि दहा मिनिटांत अण्णा धापा टाकायला लागले.

"लाईनमनसाहेब, खांब असता तर चढला असता का न्हाई?" चाचांनी विचारलं.

"खांबाला वरचं टोक दिसतंय चाचा. ह्याला टोकच न्हाई!"

मला दम लागतच नव्हता. सागाची ताटाएवढी पानं, पानांवर बसलेले ओले किडे, साडीला आणि सलवारीला चिकटणारी कुसळं, दर वळणावर वाटेत आडवा येणारा ओहोळ. आणि सीताफळं! कुणी न लावलेली, कुणाची राखण नसलेली, डोंगरभर सीताफळं. डोळे उघडलेलं, टचटचीत पिकलेलं फळ हातात घेतलं की आपोआप उकलायचं. बाजारात पाटीवाल्या बाईशी घासाघीस करून घ्यायची वस्तू इथं झाडावरून आपल्याकडं बघतेय, हेच मला खरं वाटेना. वरच्या फांदीवर वानरं बसली होती, तीही तेच खात होती. आम्ही बिया थुंकायचो, ती बिया थुंकायची.

आणि तिथंच मला पहिल्यांदा कळलं, की आईला चालता येतं. म्हणजे असं चालता येतं. साडीचा काष्टा मारून, चपला हातात घेऊन, ती दगडावरून दगडावर न बघता पाय टाकत होती. चाचांच्याही पुढं गेली.

"आई, तू कुठं शिकलीस गं?"

"शिकायचं काय त्यात? लहानपणी गुरं राखली की माळावर. लई चालायचे मी."

हे तिनं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. ताईसुद्धा थांबून तिच्याकडं बघत राहिली.

डोंगराच्या सोंडेवर पोहोचलो तेव्हा खाली एक तळं दिसलं, कमळाच्या पानांनी अर्धं झाकलेलं. त्याच्या पलीकडं, पार दूर, पैनगंगेचा एक लखलखता तुकडा. पलीकडचा काठ म्हणजे विदर्भ, असं अण्णांनी सांगितलं. मी दोन्ही हात वर करून इतक्या जोरात ओरडले, की तळ्यावरचे बगळे उडाले. मग ताई ओरडली. तिचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला. "थांब थांब," ती म्हणाली आणि पुन्हा ओरडून बोटांवर सेकंद मोजायला लागली. आवाज जायला आणि यायला किती वेळ लागला, त्यावरून समोरचा डोंगर किती लांब ते तिनं तिथल्या तिथं काढलं. वहीत नाही, मातीवर काटकीनं.

"बघ, चाललं का न्हाई फिजिक्स?" अण्णा म्हणाले.

ती हसली. त्यानंतर पुस्तकांची पिशवी अण्णांच्या खांद्यावर गेली आणि ताईनं माझा हात धरला. कितीतरी महिन्यांनी.

उतारावर मात्र घोळ झाला. चाचांची नेहमीची वाट पावसानं धुऊन नेली होती. समोर दोन पायवाटा फुटल्या होत्या. चाचा एकीवर थोडे गेले, परत आले, दुसरीवर गेले, परत आले. "हे झाड गेल्या साली नव्हतं," म्हणाले. झाड चांगलं म्हातारं होतं. अण्णा काळजीत पडले, मी मात्र खूश. हरवणं हा तर सहलीतला सगळ्यात भारी भाग!

गवताचा भारा घेऊन चढून येणारी एक बाई तेवढ्यात दिसली. चाचांनी वाट विचारली. तिनं भारा न उतरवताच सांगितलं, "डोळ्यानं नका शोधू. कान द्या. जिकडं घुमतंय तिकडं चला."

आम्ही गप्प उभे राहिलो. आधी काहीच नाही. मग डाव्या अंगानं, जात्याच्या घरघरीसारखं काहीतरी. डाव्या वाटेला लागलो तसा तो आवाज वाढत गेला, हवा गार होत गेली आणि एका वळणानंतर समोर पाणी कोसळताना दिसलं. काळ्या कातळावरून पांढरं शुभ्र. मी पळत सुटले.

आणि पाठीमागून आईची किंकाळी आली. "थांब! हलायलंय! जमीन हलायली!"

तिनं मला दंडाला धरून मागं ओढलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी पाय टेकले तर खरंच, पायाखालचा कातळ बारीक थरथरत होता. मलाही भीती वाटली. कुणी हसलं नाही. चाचा हळूच म्हणाले, "भाभी, पाण्याचा दणका हाय तो. दरसाली असाच असतो."

आई हलेना. अण्णा पुढं झाले, पण तिनं हातानंच त्यांना थांबवलं. मग ती खाली वाकली आणि कातळावर तळहात टेकवला. बराच वेळ. नंतर दुसरा तळहात. डोळे मिटून ती ते थरथरणं ऐकत होती, वैद्य नाडी बघतो तसं.

"त्या दिवशीचं असं नव्हतं," ती म्हणाली. "ते खालून आलं होतं. हे वरून यायलंय."

मग ती उठली, माझा दंड सोडून हात धरला, आणि आम्हाला काही कळायच्या आत अंगावरच्या साडीसकट चालत गेली. मुख्य धारेला नाही, बाजूला एक हलकी धार होती, तिच्याखाली. पाणी असं गार, की श्वासच अडकला. आई ओरडली. भीतीनं नव्हे. "आई गं! काय पाणी हाय हे! अवो, या की! ताईला आणा!" ती असं ओरडू शकते, हेही मला माहीत नव्हतं. ताई धावत आली, अण्णा शर्ट काढून आले, आणि आम्ही चौघं त्या धारेखाली एकमेकांना धरून नुसते किंचाळत होतो. चाचा दर्ग्यात माथा टेकून आले, तेव्हा आम्ही दात वाजवत उन्हात बसलो होतो. त्यांनी धपाटी सोडली. शेंगदाण्याची चटणी, दही. त्या धपाट्यांची चव मी अजून दर धपाट्यात शोधते.

त्या दुपारी आई कातळावरच आडवी झाली. थरथरत्या दगडावर पाठ टेकून गाढ झोपली. आम्ही तिला उठवलं नाही. परतीची जीप त्यापायी चुकली. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला माहूरपर्यंत सोडलं.

आई एकदम बरी झाली असं नाही. ट्रक गेला की ती अजूनही थांबायची. पण त्या हिवाळ्यात, थंडी वाढल्यावर, ती एके दिवशी अंथरुणं उचलून पुढच्या खोलीत घेऊन आली. त्या खोलीतल्या मुली सुट्टीत गावी गेल्या होत्या. कुणाला काही न सांगता तिनं दाराजवळ अंथरूण टाकलं, दार उघडं ठेवलं आणि झोपली. ताईला पुढं नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला सोडायला गेलो, तेव्हा आई तिथल्या धरणाच्या काठावर उभी राहून गोदावरीचं पाणी बघत होती. मग अण्णांकडं वळून म्हणाली, "ह्या पाण्याच्या कडंकडंनं चालत गेलं तर कुठवर जाता येतंय हो?"

अण्णांनी चपलांचे बंद घट्ट केले.