दुपारच्या पहाऱ्यातली वीणा

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे — माझी कुठली दाढ किडलीय, कुठल्या भावकीवाल्याशी मी वरवर गोड बोलतो, सगळं. एवढं एक मात्र तिला माहीत नाही. आई गेली, तिलाही नव्हतं. तुम्हालाच का सांगावंसं वाटतंय? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला. भाताची कामं उरकली की देवळात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस अखंड नाम. त्यात वीणेचा एक कडक नियम आहे — सात दिवस ती भुईला टेकवायची नाही. एकाने दोन तास गळ्यात घालून विठ्ठलासमोर येरझारा घालायच्या, मग ती तशीच पुढच्याच्या गळ्यात द्यायची. याला आम्ही पहारा म्हणतो. वीणा खाली टेकली की सप्ताह खंडित झाला. मग गावात वर्षभर जे काही वाईट होईल, ते त्या माणसाच्या नावावर.

मी वाशिंदला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. नऊ वर्षांपूर्वी गाडी घेतली. पांढरी, कोरी करकरीत. गावात जीप होत्या, टेम्पो होते. पण नुसतं घरच्यांनी बसायचं म्हणून घेतलेली गाडी कुणाच्या दारात नव्हती. गाडी आणायला मी सप्ताहातलाच दिवस धरला. बायकोला म्हणालो, देवाच्या दारात पूजा होईल. खरं सांगू? सप्ताहात सगळं गाव एका जागी सापडतं.

त्या दिवशी बारा ते दोनचा पहारा माझा. गाडी संध्याकाळी यायची होती, साडू कल्याणहून आणणार होता. पंगत उठली होती, माणसं जिथे जागा मिळेल तिथे आडवी झाली होती. माझ्या जोडीचा टाळकरी भिंतीला टेकून घोरत होता, टाळ हातातच. मी चालत होतो, तोंडाने नाम चाललं होतं — आणि डोक्यात? डोक्यात सीटकव्हर. साधं घ्यावं की चामड्यासारखं दिसणारं घ्यावं.

एकच्या सुमाराला बाहेर हॉर्न वाजला. साडू लवकर आला होता.

पुढे मी काय केलं ते तुम्ही ओळखलंच असेल. तरी मला ते लिहायला हवं — वीणा गळ्यातून काढली आणि खांबाला टेकवून खाली ठेवली. टाळकरी दोन पावलांवर होता. त्याला उठवून वीणा देता आली असती. पण मग त्याचंही लक्ष बाहेर गेलं असतं, आणि मला माझी गाडी पहिल्यांदा एकट्याने बघायची होती. इतकं हलकं कारण.

पाच मिनिटं असेन बाहेर. दार उघडलं, लावलं, परत उघडलं. सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. तो नवा वास नाकात भरून घेतला. त्या पाच मिनिटांत मी सुखी होतो, हे खोटं कशाला बोलू?

आत आलो तर वीणा हिरामावशीच्या गळ्यात.

हिरामावशी देवळामागच्या खोलीत एकटी राहते. नवरा कधीच गेला, मूल नाही. अंगण झाडते, पंगतीची भांडी घासते. सप्ताहात तर तिचे हात राखेतून निघत नाहीत. सगळ्या गावाची मावशी, पण आमच्याकडे बायकांच्या गळ्यात वीणा देत नसत. तिने भांडी नेताना वीणा भुईवर पाहिली असणार आणि पदराला हात पुसून उचलली असणार. पुसूनही मनगटावर राख राहिली होती. ती चालत होती. लहान लहान पावलं, ओठ नुसते हलत होते.

आणि तिचा चेहरा. तो कसा होता ते मला आजही सांगता येत नाही, आणि तेच मला सोडत नाही. मी नवी गाडी बघून आलो होतो. माझ्यापेक्षा सुखी माणूस त्या दुपारी तालुक्यात नसायला हवा होता. मग त्या भांडी घासणाऱ्या बाईचा मला हेवा का वाटला? तिच्याजवळ असं काय होतं?

तेवढ्यात काशिनाथतात्या आत आले. माझे चुलते, सप्ताहाचे अध्यक्ष.

"अगो, तुला वीणा कोनी दिली?" ते ओरडले. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "भुईला टेकली काय रे?"

खरं बोललो असतो तर सप्ताह खंडित, आणि तोही माझ्या गाडीपायी. बाहेर साडू गाडी पुसत होता.

"नाय तात्या," मी म्हणालो. "हिनं माज्या गल्यातून वढून घेतली."

ती चालतच होती. तात्यांनी वीणा काढून घेतली तेव्हा थांबली. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होईपर्यंत मंडपात पाय ठेवायचा नाही, असं तिला सगळ्यांदेखत सांगितलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भांड्यांकडे गेली. संध्याकाळी गाडीची पूजा झाली. पेढे मीच वाटले.

दुसऱ्याच महिन्यात कुणाच्या तरी म्हशीने गाडीच्या दारावर शिंग घासलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. एकदा तर मी काचा लावून गाडीत बसलो आणि आरशात माझं तोंड बघितलं — मावशीच्या चेहऱ्यावर होतं त्यातलं काही दिसतंय का म्हणून. ओरखड्यांचा विचार करणारा एक माणूस दिसला. मग सप्ताहात दोन-दोन पहारे घ्यायला लागलो. तिच्यासारखी लहान पावलंही टाकून पाहिली, हसू नका. पोटऱ्या दुखल्या, नजर घड्याळावर.

एकदा डोळे तपासायला मी मावशीला गाडीतून शहापूरला घेऊन निघालो. उपकार फेडायला नव्हे, माझ्या पापाला थोडी पावडर लावायला. किन्हवली यायच्या आधीच ती म्हणाली, "थांबीव रे, जीव घाबरतो माजा." उतरली, रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि स्वतःलाच हसली. तिथे मी विचारलं, त्या दिवशी तू काही बोलली का नाहीस?

"तुमी काय बोलत व्हते, ते मला आयकूच नाय आलं. मी चालत व्हते ना," ती म्हणाली. "तात्यानं वीणा काढली तवा समजलं. तवर लय बरं वाटत व्हतं."

बरं म्हणजे कसं?

तिने खरंच विचार केला. "घरात आपलं मानूस असलं म्हंजी कसं वाटतं? तसं."

माझ्या घरात पाच माणसं आहेत. ती काय म्हणते ते मला कळलं नाही, आणि मी तिची माफीही मागितली नाही. गाडी सुरू केली.

आता यंदाचं सांगतो. गावातल्या सुनांनी बैठकीत मागणी केली, बायकांनाही पहारा द्या. तात्या थकलेत, मऊ झालेत. चक्क हो म्हणाले. सुनांनी पहिलं नाव हिरामावशीचं घेतलं. तात्या म्हणाले, "तिचं नको. तिनं वीणा वढून घेतली व्हती. हा व्हता ना समोर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात चहा होता. नऊ वर्षांपूर्वी मी घाबरलो होतो. आता कशाला घाबरायचं होतं? तो सप्ताह कधीच पार पडला होता. फार तर माणसं हसली असती, चार दिवस बोलली असती.

"हो," मी म्हणालो.

त्या "हो"ला काही कारण असेल म्हणून मी आत खूप शोधलं. नाही सापडलं.

पहाऱ्यांची यादी परवा देवळाच्या भिंतीला लागली. मावशीला वाचता येत नाही, पण तुझं नाव सुचवू असं सुनांनी तिला आधीच सांगितलं होतं. सकाळी ती माझीच वाट बघत उभी होती. "बघ रे, माजं नाव हाय का?"

मी यादी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली, एकेक नाव सावकाश. बायकांची चार नावं होती. नऊ वर्षं मी त्या चेहऱ्यावर काय आहे ते शोधत होतो. तो उतरताना कसा दिसतो, ते त्या सकाळी पाहिलं. क्षणभरच. मग तिने पदर खोचला आणि अंगण झाडायला लागली. थोड्या वेळाने तिचं नाम ऐकू यायला लागलं, रोजच्यासारखंच.

तिचं नाव नाही, एवढं मी तिला सांगितलं. कुणामुळे नाही, ते सांगितलं नाही.