डिंकमावशी आणि हरवलेली पानं

डिंकमावशीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं वाचनालयात कोणी उरलंच नव्हतं. बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे, पदराला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे आणि अंबाड्यात खोचलेलं दाभण. जिन्याखालच्या खोलीत ती एकवीस वर्षं पुस्तकं शिवत बसली होती. मोठ्यांची पुस्तकं तिच्याकडे यायची ती म्हातारी होऊन. पोरांची यायची ती मारामारी करून. एकाचा कोपरा चावलेला, दुसऱ्यावर दूध सांडलेलं, तिसऱ्यातल्या वाघाला निळ्या खडूनं मिशा फुटलेल्या.

"ही वाचलेली," मावशी म्हणायची. "वरच्या कपाटातली कोरी करकरीत बघा, अंगाला कोणाचा हातसुद्धा लागला नाही बिचाऱ्यांच्या."

मनानं पानं घालायची खोड लागली ती एका चुकीतून. एकदा गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि पोरांच्या चित्रांच्या पुस्तकांवर पाणी आलं. तीन चौकोनी पुस्तकं, एकाच मापाची, सुटी सुटी झाली. मावशीनं पानं दोरीवर चिमटे लावून वाळवली, नीट जुळवली, शिवली आणि मांडणीवर ठेवून दिली. आता चित्रांच्या पुस्तकांना पानांचे आकडे नसतात, हे तिच्या ध्यानात आलं तिसऱ्या दिवशी. हत्ती आंघोळीला तळ्यात उतरला होता आणि पुढच्या पानावर उंट शिंप्याकडे कोटाचं माप देत उभा! शेवटी चांदोबा टोपलीत झोपलेला. तो कुठून आला, त्यालाच ठाऊक.

मावशी कात्री घेऊन धावली. पुस्तक एका पोरीच्या मांडीवर होतं. दात पडलेली, एवढीशी.

"मावशी, हा उंट आतून हत्तीच आहे ना? आंघोळ करून बारीक झाला?"

मावशीनं कात्री पदराआड केली. "तर काय! एवढं घासलं त्याला."

तेव्हापासून जे पान हरवेल ते मावशी स्वतः घालायला लागली. कोरा कागद मापात कापायचा, शिवणीत अडकवायचा आणि त्यावर आपल्या मनानं पुढचं काढायचं. चित्रकला म्हणाल तर आनंदच. तिचं मांजर म्हणजे चार पायांचा बटाटा आणि घोडा म्हणजे तोच बटाटा, जरा लांब. पण एका लांडग्याला तिनं शेवटच्या पानावर टपालवाल्याची नोकरी दिली, आणि एका राजाला पावट्याएवढा करून स्वतःच्याच मुकुटात कोंडून ठेवला. पोरं ती पुस्तकं नेत, आणत, पुन्हा नेत. तारखांची चिठ्ठी भरली की मावशी खाली दुसरी चिकटवी. काहींना चार चार चिठ्ठ्या लोंबत होत्या.

मग नव्या ग्रंथपालबाई आल्या. हुशार, नीटनेटक्या, टेबलावर धुळीचा कण नाही. महिन्याभरातच एका बापाची तक्रार आली : लांडग्याला शिक्षा न होता नोकरी कशी लागते? बाईंनी शोध घेतला आणि एक नाही, दोन नाही, त्रेसष्ट पुस्तकं निघाली.

"मावशी, तुम्ही लेखकाच्या गोष्टीत परस्पर पानं घातलीत?"

"नव्हती तिथंच घातली. होती ती काढली नाहीत."

"फाटलेलं पुस्तक रद्द करायचं असतं. शनिवारपर्यंत सगळ्यांवर 'रद्द' शिक्का मारा, गठ्ठे बांधा. रद्दीची गाडी येईल."

"मी शिवलीत," मावशी म्हणाली. "माझ्या हातून नाही व्हायचं ते."

घरी लेकीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. लेक दवाखान्यात परिचारिका. वरच्यांची मर्जी सांभाळणं म्हणजे काय, हे तिला रोज कळत होतं.

"आई, दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. शिक्काच तर मारायचाय. मार धपाधप आणि मोकळी हो!"

"तुझ्याकडे पेशंट येतो, पाय मोडलेला. तू काय करतेस? मारतेस शिक्का?"

"माणसं आणि पुस्तकं एक नव्हेत."

"नव्हेतच. माणसं कुरकुरतात."

"उद्या घरी बसवलं ना तुला, तर दिवसभर माझ्याच चादरी शिवत बसशील."

"मग चादरीवर लांडगा काढीन. झोप आता."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच जिन्याखाली आल्या. मागून शिक्का, शाईची गादी आणि स्टूल घेऊन शिपाईदादा. हा दादा मावशीच्याच वयाचा, तिच्या चहाचा वाटेकरी. पण आज त्यानं नजर जमिनीत खुपसली होती. बाईंनी हुकूम सोडला, त्यानं टेबलावरचा गठ्ठाच्या गठ्ठा पुढ्यात आणून ठेवला.

बाईंनी शिक्का शाईवर दाबला. मावशीनं पुस्तकावर सरळ तळहात ठेवला.

"हात काढा, मावशी."

"काढते की. आधी तपासा. नियम आहे, बाई. ग्रंथपालानं पान अन् पान स्वतः तपासल्याशिवाय पुस्तक रद्द करायचं नाही. कलम अकरा."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नियमांचं पुस्तक तीनदा माझ्याकडेच आलंय शिवायला. शिवताना वाचते मी."

दादाला ठसका लागला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो ठसका जागीच थांबला. नियम मोडणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या आणि पहिलं पुस्तक उघडलं.

"मोठ्यानं वाचा," मावशी म्हणाली. "तपासलं हे मला कळायला नको?"

"मावशी, मर्यादा सोडू नका."

"बरं, मनात वाचा. पण पान गाळू नका. मला सगळी पाठ आहेत."

बाई वाचत गेल्या. चेहरा कोरा. पहिलं शिक्का न मारताच बाजूला ठेवलं. दुसऱ्यावर शिक्का बसला, तो आवाज मावशीच्या बरगडीत बसला. पावट्याएवढा राजा गेला. पाचवं गेलं, आठवं गेलं. टपालवाल्या लांडग्याच्या पानावर बाई जरा जास्त वेळ थांबल्या, पण थांबूनही शिक्का बसलाच. एकूण चार गेली. मावशीनं टाचेवरचं वजन पंजावर घेतलं, पण हात जोडले नाहीत की डोळे पुसले नाहीत.

चौदावं पुस्तक होतं बदकाचं. एका बदकाला रस्त्यात बूट सापडतो. हा बूट कोणाचा, म्हणून ते विचारत सुटतं. गाय म्हणते, मला चार लागतात. साप म्हणतो, चेष्टा करतोस? गोगलगाय म्हणते, मी तर घरच घालून फिरते. बदक शेवटच्या घराचं दार ठोठावतं, दार किलकिलं होतं, आणि... बाईंनी पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा.

हे पुस्तक अजून शिवायचं होतं. दादानं गठ्ठ्याबरोबर चुकून उचललं होतं.

"पुढे?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"पुढे काही नाही. पान हरवलंय. मारा शिक्का."

बाईंनी पुन्हा मागचं पान पाहिलं. "दारात कोण असतं?"

"मला काय माहीत? तुम्ही सांगा, मी चिकटवते."

बाईंचे कान लाल झाले. "तुम्ही माझी थट्टा चालवलीय? उद्या मेमो मिळेल तुम्हाला!" शिक्का तसाच टाकून त्या तरातरा वर गेल्या.

"मावशे," दादा कुजबुजला, "माफी माग. मी येतो बरोबर."

"कशाची मागू? शिवल्याची?"

मेमो सकाळी अकराला आला. 'ग्रंथांत परस्पर फेरबदल करून वरिष्ठांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल सक्त ताकीद देण्यात येत आहे.' खाली सही, गोल शिक्का. मावशीनं तो दोनदा वाचला, मग अंगठ्यानं चाचपला. कागद जाड होता, गुळगुळीत, आणि मागून पांढरा शुभ्र. असा कागद वाचनालयानं तिला एकवीस वर्षांत दिला नव्हता.

तिनं पट्टी लावली, कडा कापल्या, सही शाबूत ठेवली. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल चालवली. मग दाभणानं भोकं पाडली, दोरा ओवला, खळ लावली आणि पुस्तक दाबयंत्रात घालून चाक आवळलं. दुपारी ते हातात घेऊन ती जिना चढली. दार न ठोठावता आत गेली आणि पुस्तक बाईंच्या स्वच्छ टेबलावर ठेवलं.

"तपासा. पान अन् पान."

बाईंनी उघडलं. गाय, साप, गोगलगाय. किलकिलं दार. पान उलटलं. मावशीच्या चित्रात दारात एक भलीमोठी बाई उभी होती, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, हातात शिक्का. आणि बदक जिवाच्या आकांतानं पळत होतं, बूट चोचीत घेऊन. बाईंनी तेही पान उलटलं. पलीकडे त्यांची स्वतःची सही होती.

दारात दादा येऊन उभा होता. 

"सरकारी कागद आहे हा," बाई म्हणाल्या.

"मला दिलाय. माझा आहे. कुठं जपून ठेवायचा ते मी ठरवीन."

बाईंनी चित्रावर बोट ठेवलं. 

"बदकाला तीन पाय का?"

"मेमो आल्यावर कोणी दोन पायांवर पळतं का?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले. ते कशासाठी मिटले, हे दादाला कळलं नाही. मावशीनं विचारलं नाही. ती तशीच उभी राहिली, खळीचे हात पुढे करून.

"मारताय शिक्का, की मांडणीवर लावू? खाली दोघं चौघं या बदकाचं विचारून गेलीत."

बाईंनी पुस्तक मिटलं आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं.

"पुढचं आणा," त्या म्हणाल्या.

पन्नास उरली होती. "चला दादा, उचला," म्हणत मावशी जिना उतरायला लागली. "आणि आज नीट बघून उचला. न शिवलेलं एकही वर यायला नको."