गाडीचा दम

खेमसिंगच्या गाडीतला दम गेला होता. हा शब्द आमच्याकडं लय ठिकाणी कामाला येतो. चढावर गाडी ओढेना झाली की तिच्यात दम नाही, माणूस धापा टाकायला लागला की त्याला दम लागला, अन् छातीत कायमचंच घरघरायला लागलं की दमा. त्या उन्हाळ्यात हे सगळं एकदमच खेमसिंगच्या घरी मुक्कामाला आलं. फटफटी ओढेना, तो स्वतः थकलेला, अन् बायकोला, जमनीला, दम्यानं धरलेलं.

त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा राजूरच्या रस्त्याला लागून आहे. आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले. खेमसिंग कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री बांधायला जातो. पन्नाशी उलटली तरी दिवसभर ट्रकवर चढायचं अन् उतरायचं. संध्याकाळी घरी येतो तेव्हा माणूस कोणता अन् कोळसा कोणता हे विचारूनच घ्यावं लागतं. रस्ताही तसलाच. ट्रक पुढं गेला की मागच्या फटफटीवाल्याला घटकाभर काहीच दिसत नाही. ती काळी भुकटी गाडीच्या पोटात जाते, तिथं तिला अडवायला फिल्टर असतो, कागदाच्या घड्यांचा, वहीएवढा. इतर गावी तो वर्षभर पुरतो म्हणे. इथं आठ दिवसांत काळाभोर!

मंगळवारी खेमसिंगला सुट्टी. त्या दिवशी तो गाडीचं झाकण उघडायचा, फिल्टर काढायचा अन् जमनीच्या हातात द्यायचा. का, तर पाखडणं, झटकणं, निवडणं ही बाईमाणसाची कामं. सूप कधी पुरुषानं हातात धरलंय का? जमनी ओट्यावर बसून तो दगडावर हळूहळू आपटायची, मग तोंडाजवळ धरून एकेका घडीत फुंकर मारायची. कागद फाटू द्यायची नाही. तिच्या हाताला तेवढी नजाकत होती खरी. खेमसिंग तोवर खाटेवर आडवा पडून असायचा.

वैशाखात एका दुपारी जमनीची छाती अशी भरून आली की तिला बोलता येईना. तांड्यावर एसटी थांबत नाही, ऑटो लग्नाच्या दिवसांत सापडत नाही. खेमसिंगनं तिला मागं बसवलं, ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं अन् गाडी वणीकडं काढली. गाडी पुलाच्या चढावर मरायला टेकली. पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, आचके देत ती वर चढली तोवर खेमसिंगचा जीव टांगणीला लागला होता. पाठीवर जमनीच्या छातीची शिटी ऐकू येत होती अन् मांड्यांखाली इंजिन खोकत होतं. कोण आधी बंद पडतं याचीच धास्ती.

दवाखान्यात वाफ दिल्यावर जमनी सावरली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चुलीवर स्वयंपाक करता का?"

"नाही जी, ग्यास हाय," खेमसिंगनंच सांगितलं.

"धुळीत काम करता?"

"ते कायचं काम करते? घरीच राह्यते."

जमनीनं त्याच्याकडं पाहिलं, पण नाकातोंडावर अजून वाफेचा मुखवटा होता. बाईंनी धुळीपासून जपा म्हणून सांगितलं. कोळशाच्या रस्त्यावर राहणाऱ्याला धुळीपासून जपा! खेमसिंगनं मान हलवली अन् घरी आला.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच भुंगा शिरला. गाडीचा दम परत आला पाहिजे. पुढच्या खेपेला गाडी पुलावर बंद पडली तर काय करायचं, या विचारानं त्याला जेवण गोड लागेना.

तेवढ्यात जमनीचा धाकटा भाऊ प्रेम दिग्रसहून आला. दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन चालवतो, मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहतो, म्हणजे त्याला सगळंच कळतं. त्यानं पिशवीतून एक लालभडक, पेरूएवढा फिल्टर काढला.

"जिजा, हा लावा. कंपनीचा फिल्टरचा डबा काढून फेका. गाडी अशी उडन का पाहत राह्यसान!"

"पण धूळ?"

"धुतला का झाला साफ. झटकायची झंझट नाही, बाईलेही आराम."

बाई म्हणजे त्याची बहीण. बहीण चुलीशी नव्हे, ग्यासशी उभी होती. 

खेमसिंगनं तो फिल्टर फडताळात ठेवला अन् मग जो भेटेल त्याला विचारत सुटला. लावू का नको? कोळशाच्या रेल्वे साईडिंगवरचे सोबती म्हणाले, लाव, पिकअप येते. तांड्यावरचे म्हणाले, नको, आवाज वाढते, कंपनीनं डबा काय उगाच देला का? एकानं सांगितलं ॲव्हरेज पडते, दुसऱ्यानं सांगितलं ॲव्हरेज वाढते. देवा रे! माणसाला आधीच दिवसभराची थकावट, त्यात हा सल्ल्यांचा बाजार. रात्री जमनी खोकायची अन् हा कुशीवर वळून म्हणायचा, "लावूनच टाकतो व." ती म्हणायची, "लावा." मग सकाळी उठून हाच म्हणायचा, "पाहू." त्याच्या या पाहू-पाहूत ज्येष्ठ सरला.

शेवटी एका मंगळवारी तो लाल फिल्टर पिशवीत घालून फाट्यावरच्या पंजाबराव मेकॅनिककडं गेला. पंजाबरावाचं दुकान म्हणजे टिनाचा शेड, दोन स्टूल अन् हवेचा कॉम्प्रेसर. त्यानं लाल फिल्टर उजेडाला धरला, उलटापालटा केला.

"खेमसिंगभाऊ, हा लावला तं गाडी ओढन. खोटं नाही सांगत. पण ही भुकटी पिठावानी बारीक. ते थोडीथोडी आत जाईन, पिस्टनच्या रिंगा खाईन. वर्षभरात इंजिन धूर फेकन. रेसिंगवाल्या पोरायचं ठीक, तुमाले दवाखान्याची गाडी पाह्यजे."

"म्हणजे नको?"

"नको. जुना दाखवा."

जुना फिल्टर पाहून पंजाबरावाच्या भुवया वर गेल्या. "अरे वा! एक घडी नाही फाटली. थकला हाय बिचारा, नवा टाकाच लागते, पण साफ कोन करते? यंत्रानं पण इतका जपून नाही होत."

खेमसिंगची छाती फुगली. तेवढी एकच कौतुकाची गोष्ट त्या महिन्यात त्याच्या वाट्याला आली होती. "घरची करते. दर मंगळवारी. एकेक घडी फुंकून काढते."

"फुंकून? तोंडानं?"

"मंग कायनं!"

 हातातला फिल्टर पंजाबरावानं अलगद स्टुलावर ठेवला, तरी त्यातून काळी भुकटी उडाली अन् त्यानं तोंड फिरवलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, दमा वहिनीलेच हाय ना?"

खेमसिंगनं स्टुलाकडं पाहिलं. स्टुलावर फिल्टरभोवती काळं वर्तुळ पडलं होतं. घरच्या ओट्यावरही तसंच पडायचं, दर मंगळवारी, अन् ते पुसायचीही जमनीच. अन् डॉक्टरीणबाईंना हा काय बोलून आला होता? ते कायचं काम करते, घरीच राह्यते. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की पंजाबरावाच्या नजरेला नजर देता येईना.

"ह्या कॉम्प्रेसरची हवा मारली का दोन मिनिटाचं काम हाय," पंजाबराव म्हणाला. "तुमी रोज इथूनच तं जाता."

रोज. सकाळी अन् संध्याकाळी. खेमसिंगनं नवा कागदी फिल्टर टाकून घेतला, लाल फिल्टर तिथंच सोडला अन् घरी निघाला. गाडी चांगली ओढत होती. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

जमनी ओट्यावर बसून होती. दगड पुढ्यात ठेवलेला. घरात हे दोघं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीतच बोलतात, मी आपला वऱ्हाडीत सांगतो.

"आज उशीर केला," ती म्हणाली. "आणा फिल्टर."

"नाही आणला. आता तू नाही झटकायचा. पंजाबराव हवा मारून देईन, मीच नेत जाईन." तो तिच्याजवळ बसला.  "जमनी, फुंकल्यावर तुले त्रास होये का व?"

"होये."

"त्याच दिवशी?"

"त्याच रात्री."

"म्हणजे तुले समजत होतं?"

"माही छाती हाय, मले नाही समजन?"

खेमसिंगचा आवाज चढला. राग कोणावर काढावा हे त्याला कळेना. "मंग सांगतलं काहून नाही? फेकून काहून नाही देला माह्या तोंडावर?"

जमनी दम खाऊन बोलली. तिला आता वाक्यं तोडूनच बोलावी लागायची. "गाडी बंद पडली असती. मंग मले दवाखान्यात कोनं नेलं असतं?"

खेमसिंगनं तिच्या पुढ्यातला दगड उचलून ओट्याखाली ठेवला. हात धुवायचंही त्याला सुचलं नाही.