काय काय मोडलं?

वर्गात पाऊल टाकलं की नीताताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय काय मोडलं?" काहीच मोडलेलं नसलं तर त्यांचा चेहरा उतरायचा. नगरच्या एमआयडीसीत त्या इंजिनिअर होत्या. सुट्टीच्या शनिवारी एसटीने घोडेगावला उतरायच्या आणि मिळेल त्या टेम्पोने, कधी तर म्हशीशेजारी उभ्या राहून, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत यायच्या. सहावी-सातवीच्या मुलांना विजेच्या छोट्या मोटारी, वायरी, डाग देऊन तारा जोडायचं सोल्डरिंग शिकवायच्या, तेही निव्वळ हौसेने.

एकदा सातवीतल्या सोनालीच्या हातून छोटी मोटार जळाली. पोर रडकुंडीला आली. "ताई, माज्याकडून जळली." ताई म्हणाल्या, "वा! आता का जळली ते तूच सगळ्यांना सांग." मी मात्र उरलेल्या मोटारी मोजून घेतल्या. मी शाळेची प्रत्येक वस्तू कुलपात जपणारा मास्तर. तपासणीला साहेब आले की आमचा सूक्ष्मदर्शक कसा नवाकोरा दिसायचा!

पुढे ताईंना कॅन्सर निघाला. शेवटच्या शनिवारी सामानाची पेटी माझ्या हवाली करत म्हणाल्या, "सर, मी नसले तरी मुलांचे हात थांबू देऊ नका." मी मान डोलावली आणि त्या जाताच पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सोनाली सारखी विचारायची, "सर, पेटी कवा उघडायची?"

"ताई आल्यावर."

"अन् न्हाई आल्या तर?"

मी तिला फळा पुसायला लावला.

मग दवाखान्यातून ताईंचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला, पण प्रश्न तोच. "दोन मोटारी जळाल्या, एक सोल्डरिंगची गन गेली," मी बिनदिक्कत ठोकून दिलं. ताई किती हसल्या! आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून बोललो, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मला माझीच लाज झाकायची होती.

पंधरा दिवसांनी त्यांचा भाऊ शाळेत आला. ताई गेल्या होत्या. "तुमच्याशी बोलल्यावर ती फार खुशीत होती," म्हणत त्याने एक पुडकं माझ्या हातात दिलं. आत दोन मोटारी, एक सोल्डरिंगची गन आणि चिठ्ठी होती, 'मोडलेल्यांच्या बदली.' मला त्याच्याकडे वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी पेटी मुलांच्या पुढ्यात ठेवली. तासाभरात जळका वास आला. "सर, मोडली," सोनाली दबकत म्हणाली.

माझा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. ताईंना आज पहिल्यांदा खरं सांगता आलं असतं.